नापास झाड

"हे झाड आहे?" दिग्दर्शकाने छत्रीच्या टोकाने खोडावर टकटक केली. "ऐका, ऐका. पोकळ! आंधळ्यालाही कळेल हे सोंग आहे म्हणून."

मुलाखतीला आलेल्या पत्रकारांनी माना डोलावल्या. त्यांचे कॅमेरे चालूच होते. त्याला आणखी चेव चढला.

"पानांची चमक बघा. शुद्ध प्लॅस्टिक! आणि हा खोडाचा रंग? भिंतीला फासतात तसा. याच्यावर पाखरू तरी बसेल का?"

सेट उभारणारी ताई बाजूलाच उभी होती. रागाने तिची कानशिलं तापली. या झाडाबद्दल असं कोणी बोललेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

सिनेमा निसर्गाच्या सूडाचा होता. माणूस शेवटचं झाड तोडतो आणि मग वेली घरं गिळतात, मधमाश्या शहरं ओस पाडतात, नद्या उलट्या फिरतात. हे सगळं संगणकावर होणार होतं. पहिलं दृश्य, म्हणजे झाड पडण्याचं, तेवढं प्रत्यक्ष चित्रित करायचं होतं. त्यासाठी ताईने आपल्या माहेरचं अंगण मिळवून दिलं होतं. तिथे तुतीचं जुनं झाड होतं. त्याला धक्का लावायचा नाही, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याची हुबेहूब नक्कल उभारायची आणि ती पाडायची, असं ठरलं होतं.

तुती आईने लावलेली. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळचा चहा घेऊन तिच्याखाली जाऊन बसायचे आणि चहा निवेपर्यंत काहीबाही पुटपुटायचे. "एक फांदी मोडली ना, तर या घरात पाऊल टाकू नकोस," असं ताईला बजावून ते आत्याकडे राहायला गेले होते.

दिग्दर्शकाने हे अंगण फोटोतच पाहिलं होतं. आज पहिल्यांदा आला, तोही निर्मात्याशी भांडून, उशिरा, गाडीतून उतरल्या उतरल्या ओरडत. सेटवर त्याच्यामागे त्याला 'भडका' म्हणायचे. मागच्या आठवड्यात कपडेपटाच्या माणसाने त्याची एक साधी चूक दाखवली, तर त्याने त्याला सगळ्यांदेखत हाकलून दिलं. तेव्हापासून सगळे तोंडाला कुलूप लावून काम करत होते. नको म्हणायचीही सोय नव्हती. नको म्हटलेलं त्याला हमखास हवं असायचं.

"साहेब, जरा ऐकता का..." कॅमेरामन पुढे झाला.

ताईने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

"काय ऐकू? मला खरं झाड पाहिजे, खरं! करवत लागली की भुसा उडाला पाहिजे, चीक गळला पाहिजे. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी झालं पाहिजे." त्याने छत्री समोरच्या कोपऱ्याकडे रोखली. "ते बघा! याला म्हणतात झाड. काय ऐट आहे! चला, ते पाडा."

"ते नको, साहेब." ताई घाईघाईने पुढे झाली. "त्याच्यासाठी फार खस्ता खाल्ल्यात."

"झाडासाठी कसल्या खस्ता? ते आपोआप वाढतं."

"तुमचा सिनेमा झाडं वाचवा म्हणून सांगतो ना?"

"लाखो वाचावीत म्हणून एक पाडतोय. एवढंही कळत नसेल तर घरी जा." मग तो पत्रकारांकडे वळून डोळे मिचकावत म्हणाला, "अरे हो, ही घरीच आहे!"

हशा पिकला. ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मात एक रोपटं लावलं नसेल या माणसाने, आणि निघालाय जगाला शहाणपण शिकवायला. त्या सिनेमातली एखादी वेल खरोखर आली असती आणि याच्या नरड्याभोवती बसली असती, तर तिने ती सोडवली नसती.

"मग माझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू?" ती म्हणाली. "निवड तुमची आहे, एवढं तरी सगळ्यांसमोर सांगा."

"माझीच! लिहून घ्या रे. खरं-खोटं ओळखायला नजर लागते, आणि ती बाजारात मिळत नाही."

पत्रकारांनी लिहून घेतलं. संध्याकाळी अंगण रिकामं करून द्यायचं होतं, त्यामुळे धावपळ उडाली. झाड एकदाच पडणार म्हणून होते नव्हते तेवढे कॅमेरे चहूबाजूंनी लागले. लाकूडतोड्याचं काम करणाऱ्या नटाने यंत्राची करवत उचलली. कॅमेरामन ताईकडे बघायचं टाळत होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबांचा.

"काय गं, झाड ठीक आहे ना?"

ती बोलणार तोच करवत सुरू झाली. सगळं अंगण तिच्या घरघराटाने भरून गेलं.

"हा कसला आवाज?" बाबा ओरडले. "करवत आहे ही! अगं, शब्द दिला होतास तू मला!"

"बाबा, एक मिनिट थांबा."

"थांबू काय? त्या मेल्यांना थांबव! तुझ्या आईचं झाड आहे ते!"

ताईने फोन कानाशी घट्ट धरला. दिग्दर्शकाने हात वर करून खूण केली, करवत खोडात शिरली, आणि सगळ्या कॅमेऱ्यांदेखत झाडाच्या पोटातून पांढरेशुभ्र थर्माकोलचे दाणे भुरुभुरु उडायला लागले.