चौथी केरसुणी

तात्यारावांनी केरसुणी पत्र्याच्या कोठीमागं सरकवली आणि गुपचूप बाजेवर येऊन बसले. एवढ्याशा चालण्यानंही छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली होती. ही तिसरी केरसुणी. पहिली कडब्याच्या गंजीत गेली होती, दुसरी न्हाणीच्या पत्र्यावर. सत्तरीला टेकलेला माणूस स्वतःच्याच घरात चोऱ्या करत होता, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

पण करणार काय? उमरग्याच्या डाळमिलमध्ये तीस वर्षं तुरीची भुकटी छातीत गेली, ती काही आता निघायची नव्हती. डॉक्टरांनी चार इंग्रजी अक्षरांचं नाव लिहून दिलं आणि बजावलं, "धुळीपासून जपा." तात्यारावांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी, मात्र पदराला गाठ मारली. चार महिन्यांपूर्वी सास्तूरला, आपल्या गावी, परतल्या परतल्या त्यांनी रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या पोती ठोकून बंद केल्या, नवऱ्याला आतल्या खोलीत बसवलं आणि दिवसातून एकदा झाडायचं घर तीनदा झाडायला घेतलं. गोधड्याही आतच झटकायच्या. बाहेर नेल्या तर रस्त्याची धूळ बसेल ना!

झाडलं की बंद खोलीत नुसता धुरळा व्हायचा. तात्याराव खोकायचे. खोकला ऐकला की जाईबाई म्हणायच्या, "बगा, अजून धूळ हायच!" आणि पुन्हा कंबरेत वाकायच्या.

हे त्रांगडं तात्यारावांच्या आठ दिवसांत ध्यानात आलं होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं. जाईबाईच्या फरशीवर सांडलेलं पीठ खुशाल भाकरीला घ्यावं, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यात आता ती बिचारी नवऱ्यासाठी जीव ओतून झाडत होती. तुझ्या झाडण्यानंच मला दम लागतो, असं तिला सांगायचं तरी कसं? त्यापेक्षा केरसुणी पळवणं सोपं होतं.

"अवो, केरसुणी बगितली का?" जाईबाई दारात उभ्या होत्या.

"न्हाय बा."

"कळलं मला कुणाचं काम हाय ते. भुवनेश्वरीचं! परवा आली तवा कशी इकडं तिकडं बगत हुती. आज चार बायांत इचारतेच तिला."

त्यांनी पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या. शेजारची भुवनेश्वरी परवा तात्यारावांसाठी गरम कढी घेऊन आली होती. वाटी कुठं ठेवावी म्हणून ती बघत होती, एवढाच तिचा गुन्हा. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"जाई, थांब. ती न्हाय. म्या घेतल्या."

"काय घेतलं?"

"केरसुण्या. तिन्ही."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेनं जाईबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "आन् तुमाला काय करायच्या हुत्या वो त्या?"

तात्याराव सांगायला गेले, पण दम पुरेना. मग ते उठले आणि एका खिडकीचं पोतं त्यांनी ओढून काढलं. तिरकं ऊन थेट बाजेपर्यंत आलं.

"झाड आता," ते म्हणाले.

जाईबाईंनी फळीवरची कोरी केरसुणी काढली. ही चौथी तात्यारावांना ठाऊकच नव्हती. जाईबाईंनी दोन हात मारले आणि उन्हात धूळ उठली. चाळणीतून पीठ उडावं तशी ती वर गेली आणि हळूहळू बाजेकडं वळली. तात्यारावांना अशी उबळ आली की ते दुमडून गेले. जाईबाईंचा हात थांबला. त्यांनी एकदा त्या उन्हाकडं पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडं.

"म्हंजी चार महिने म्याच..." त्यांचे डोळे भरून आले.

"ही उबळ मिलची हाय," तात्याराव दम खात म्हणाले. "तुझी न्हाय. ही धूळ नुसती तिला उठवती."

"मग सांगाया तोंड न्हवतं व्हय?"

"इतकी मन लावून झाडत हुतीस. जीभच रेटली न्हाय."

जाईबाईंनी डोळे पुसले आणि दुसऱ्या खिडकीचं पोतं टराटरा फाडलं. गोधड्या उचलून अंगणात नेल्या. तात्याराव मदतीला उठले, तर त्यांच्यावर असे डोळे वटारले गेले की ते मुकाट्यानं बसले. मग बादली आली. जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून, पिळून जाईबाई कोपऱ्यापासून पुसत निघाल्या. पाणी तीनदा काळं झालं, तीनदा बदललं.

घटकाभरानं त्या मागं सरून बसल्या. फरशी लखलखत होती, पण त्यांच्या मनासारखं झालेलं दिसत नव्हतं.

"झाडल्याबिगर साफ झाल्यागत वाटंना बगा. कसला आवाजच न्हाय."

तात्याराव भिंतीला टेकून मजेत खिडकीबाहेर बघत होते.

"माझ्या खोकल्याचा तरी कुठं येतोय?" ते म्हणाले.

जाईबाई काहीतरी बोलणार होत्या. ओलं फडकं हातात तसंच धरून त्या ऐकत राहिल्या.