एरमेकचे पत्रे

गारा थांबल्या तेव्हा सल्किन म्हातारी अंगणात उभी राहून आभाळाला शिव्या घालत होती. तालासच्या डोंगरांकडून आलेल्या वादळानं घटकाभरात घराची दशा करून टाकली होती. छपराचे सिमेंटचे पत्रे अक्रोडाएवढ्या गारांनी ठिकऱ्या होऊन पडले होते, आणि मधल्या खोलीचं मातीचं छत भिजून नातीच्या अंथरुणावर कोसळलं होतं. पोरगी शाळेत होती म्हणून बचावली. रानातला राजमाही भुईसपाट झाला होता. पण तो साऱ्या गावाचाच झाला होता, त्याचा राग एकटीनं काय करायचा?

शेजारचा जोलदोश शिडी घेऊन आला. वर चढून, आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळं बघून त्यानं सांगितलं, की इथं ठिगळं लावून भागायचं नाही. सगळंच उतरवावं लागेल. डोंगरावर पुन्हा काळं आभाळ धरलं होतं.

सल्किनची सून मिरगुल खोलीतला चिखल टोपलीनं बाहेर आणून टाकत होती. ती वर न बघता म्हणाली, "कोठारात पत्रे आहेत."

"त्यांचं नाव काढायचं नाही," म्हातारी म्हणाली.

कोठारातले जस्ती पत्रे एरमेकचे होते. सल्किनचा लेक, मिरगुलचा नवरा. मागं एकदा गावी आला तेव्हा नव्या घरासाठी म्हणून त्यानं ते आणले होते, जर्दाळूच्या झाडांमागं पायाही घातला होता, आणि मग तो परत रशियात लोकांची घरं बांधायला निघून गेला होता. तेव्हापासून पायाच्या चरांत खाजकुयली माजली होती. पत्रे मात्र कोरे करकरीत होते. दर वसंतात सल्किन एकेक पत्रा सुटा करी, पुशी, पांढरा गंज धरू नये म्हणून मधे लाकडी पट्ट्या घाली आणि वर जुना लोकरी नमदा पांघरी. त्यांच्यावर साधी बादली ठेवायचीही सुनेला परवानगी नव्हती.

मिरगुलनं टोपली खाली ठेवली. "पोरगी झोपेल कुठं, अपा?"

"माझ्या कुशीत झोपेल."

"तुमच्या तरी डोक्यावर छप्पर कुठंय?"

मग म्हातारीचं तोंड सुटलं. गारा, आभाळ, गेलेला राजमा, सगळ्याचा राग तिनं सुनेवर काढला. आमच्या वेळी आम्ही पावसात बसून रात्री काढल्या, म्हणाली. घर उभं राहिलं नाही तोवर ही त्याचं छप्पर पळवायला निघाली, म्हणाली. नवरा परत यावा असं हिच्या मनात तरी आहे का, कोण जाणे, असंही म्हणाली.

शिडीवरच्या जोलदोशनं तोंड फिरवलं आणि उगाचच एका वाशावर हातोडी ठोकायला सुरुवात केली. मिरगुलचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"मग त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "आत्ता विचारा."

"विचारते की. भिते काय?"

सल्किननं बंडीच्या खिशातून फोन काढला आणि ती कोठाराच्या दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज कायम मोठा असायचा. तो इतरांनाही ऐकू जातो हे काही तिला माहीत नव्हतं. एरमेक भडकणार याची तिला खात्री होती. लहानपणी तो आपल्या चाकूला भावांनाही हात लावू देत नसे. तो काय बोलतो ते सुनेला शब्दन् शब्द सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

फोनमधे एरमेकच्या मागं कसलंसं यंत्र घरघरत होतं. तिनं वादळाचं सांगितलं, छपराचं सांगितलं, आणि तुझ्या बायकोचा तुझ्या पत्र्यांवर डोळा आहे, मी नाही म्हणून सांगितलंय, असंही सांगितलं.

"लावून टाक ना, अपा," एरमेक म्हणाला. "मला काय करायचेत ते?"

"अरे, आणि तुझं घर?"

"कसलं घर?" तो म्हणाला. मग आठवल्यासारखं, "हां, ते होय. बघू गं पुढं. तू लाव बिनधास्त. कामावर आहे मी, ठेवतो."

फोन बंद झाला तरी सल्किन तो कानाला लावून उभी होती. मग ती आत गेली आणि तिनं ढिगावरचा नमदा एका हिसड्यात ओढून भिरकावला. वरचा पत्रा तिनं एकटीनंच ओढायला घेतला. तो दाराच्या चौकटीला खणकन आपटला, त्याला पोचा आला, तरी ती ओढतच राहिली.

मिरगुल अंगणातच उभी होती. वरची ठोकाठोक थांबली होती.

"काय म्हणाले?" मिरगुलनं विचारलं.

"काय म्हणणार? खवळला. हात तर लावून बघ, म्हणाला." म्हातारीचा आवाज पार रस्त्यापर्यंत चढला. "खवळेना का. तो तिकडं कोरड्यात बसून सांगणार आणि मी इकडं भिजत बसणार? आई आहे मी त्याची, चाकर नाही. धर त्या टोकाला."

मिरगुल तिच्याकडं बघत राहिली. फोनमधलं सगळं तिनं ऐकलं होतं. आता ती बोलणार असं जोलदोशला वाटलं. पण तिनं चिखलाचे हात घागऱ्याला पुसले.

"खवळले तर खवळू देत, अपा," ती म्हणाली आणि तिनं पत्र्याचं दुसरं टोक उचललं.

पत्रे मोठ्या घराच्या मापाचे होते. जोलदोशनं एक वाशांवर लावून पाहिला, तो हातभर बाहेर आला. पत्रे कापायची कात्री आणली होती, पण त्यानं ती उचलली नाही.

"कापत नाही," तो म्हणाला. "पुढं आलेला ठेवूनच ठोकतो. म्हणजे उद्या एरमेक आला, की काढून त्याच्या घराला—"

"काप," सल्किन म्हणाली.

"अपा, एकदा कापला की मग..."

"काप म्हणते ना."

त्यानं पत्रा खाली उतरवून अंगणात आडवा टाकला आणि मिरगुलकडं पाहिलं. पत्रा हलू नये म्हणून ती आधीच त्याच्यावर गुडघे रोवून बसली होती.