रिकामा डबा

प्रमिलाकाकू माइकसमोर उभ्या राहिल्या. समोरच शेजारची डोरिस मांडीवर एक प्लास्टिकचा डबा घेऊन बसली होती. ओहायोतल्या त्या छोट्या गावाचा अकरा वर्षं बंद असलेला हॉल आज उघडला होता, आणि ज्याने त्याने आपली गोष्ट सांगायची होती. काकू मराठीत बोलत होत्या, सून त्याचं इंग्रजी करून सांगत होती.

“बर्फावर घसरून माझा पाय मोडला, तेव्हा या डोरिसबाईंनी त्या डब्यातून सूप दिलं. कुणाचा डबा रिकामा कसा परत करायचा? मी घासूनपुसून बेसनाचे लाडू भरून दिला.”

डोरिस हसत उठली. “तो डबा वापरून टाकून द्यायचा होता. पण लाडू खाल्ल्यावर मलाही तो रिकामा देववेना. मग तो गल्लीभर फिरला, गल्ली एकत्र जेवू लागली. जागा पुरेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून हा हॉल झाडून काढला.”

तिने डबा काकूंच्या हातात दिला. आत हॉलची किल्ली होती.

काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि सुनेला हळूच विचारलं, “अगं, आता यात मी काय घालून देऊ?”