चार चौकटी

सरकून बसा, आणखी जवळ. टाळ जरा मांडीवर ठेवा, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. गोष्ट एवढीशीच आहे, शहाद्यातल्या एका परीक्षा केंद्राबाहेरची. पण मन लावून ऐका.

बारावीचा जीवशास्त्राचा पेपर सुटला होता. फाटकाशेजारच्या निंबाखाली तिघं उत्तरं ताडून बघत होती. भूपेश ब्राह्मणपुरीचा, स्वप्नाली गावातलीच, आणि शीला सातपुड्यातल्या काठी गावाच्याही वरच्या पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहून शिकणारी.

भूपेशचं तोंड थांबत नव्हतं. पेपर सोपा गेला, आता होळीला शीलाच्या मागे मागे काठीला जाऊन नाचायचं, असं त्याचं चाललं होतं. स्वप्नाली म्हणाली, आधी पास हो, मग नाच. शीला पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती.

मग तो प्रश्न निघाला. आई-वडील दोघंही सिकलसेलचे वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष रक्तात घेऊन चालणारे. त्यांचं पहिलं मूल आजारी. तर दुसरं आजारी असण्याची शक्यता किती?

भूपेशने शून्य लिहिलं होतं.

"चारमा एक ना? तो एक व्हई गया. आते बाकीना तीन चांगला."

"येडा शे का रे तू?" स्वप्नाली म्हणाली. "दर खेपले चारमा एकच. मांगला धरतस नही."

भूपेश ऐकेना. मागचं धरत नाहीत तो कसला हिशोब, म्हणाला. एका प्लेट भज्यांवर पैज लागली. न्याय शीलाने करायचा, कारण आनुवंशिकतेच्या चौकटी फळ्यावर काढायला सर नेहमी तिलाच उठवत.

"तूच सांग वं शीला. तू काय लिखं?"

"सोडला," शीला म्हणाली.

दोघं हसली. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबली. तिथे रडणं नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं.

शीलाचा भाऊ मगन सिकलसेलने गेला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्यानंतर आईला पुन्हा दिवस गेले आणि घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. शीला तेव्हा अकरावीत होती. सुट्टीत तिने कोळशाने चुलीपुढे चार चौकटी काढल्या, एकीत ज्वारीचा दाणा ठेवला आणि म्हणाली, हा मगन. चारांत एक. वडिलांनी लगेच ओळखलं. खळ्यावर पहिली टोपली देवाची काढतात आणि मगच उरलेलं घरचं म्हणतात. देवाचा वाटा गेला, असं ते म्हणाले. शीलालाही तसंच वाटलं होतं. तिच्या आईने कितीतरी दिवसांनी भाकरी पोटभर खाल्ली.

मुलगी झाली. आरोग्य खात्याची आशाताई दोनदा डोंगर चढून आली. बाळाचं रक्त तपासा, असलंच काही तर गोळ्या लवकर सुरू होतील, असं सांगून गेली. वडिलांनी तिला दोन्ही वेळा चहा पाजला आणि सांगितलं, गरज नाही, आमच्या पोरीने हिशोब करून ठेवलाय.

आता ते फाटकापाशी उभे होते, त्या तान्ह्या मुलीला फडक्यात बांधून. सकाळी दवाखान्यातून थेट इकडे आले होते. तपासणीत हिलाही सिकलसेल निघालं, एवढं शीलाला सांगेपर्यंत पेपरची घंटा झाली होती. जे विचारायचं होतं ते राहिलं होतं. म्हणून पेपर सुटेपर्यंत ते तिथेच थांबले होते, उन्हात.

शीला त्यांच्याकडे गेली. ही दोघंही मागे गेली, काय करावं ते न कळून.

वडिलांनी आधी पेपर कसा गेला ते विचारलं. जेवलीस का, विचारलं. मग आपल्या बोलीत, अगदी हळू, जसं मास्तरांना विचारावं तसं विचारलं. चार घरं होती. एक मगनचं झालं. मग हिचं कसं निघालं?

"बाबा, दरवेळी चारही घरं नवीन असतात," शीला म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं होतं."

स्वप्नालीला ती बोली येत नव्हती. तरी तिने मान खाली घातली.

वडील शीलावर रागावले नाहीत. फाटकाच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी गेली, ती पूर्ण जाऊ दिली.

"म्हणजे मगनला धरलंच नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, समजलं अशी. बाळ कुरकुरलं. शीलाने हातातलं टोपण तिच्यापुढे धरलं. मुलीने हात पुढे केला, पण बोटं या आजाराने सुजून टम्म झालेली, मिटेनात. टोपण खाली पडलं. वडिलांनी वाकून ते उचललं, धोतराला पुसलं आणि शीलाच्या हातात दिलं. उद्याच्या पेपराला लागेल, म्हणाले.

तर मंडळी, हिशोबात मागचा धरत नाहीत, ते खरंच आहे. पण तुम्ही सांजेला दिव्यापुढे हात जोडाल आणि घरच्या लेकरांची नावं एकेक करून घ्याल, तेव्हा एवढं करा. मगनला धरा.