मधली रिकामी जागा

“तुझं यंत्र खोटं बोलतंय!” सरांनी तिचा आलेख टेबलावर आपटला. “तिथे काही नसतं. कधीच नव्हतं.”

ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकलेल्या वेगवान कणांचे दोन पट्टे पृथ्वीभोवती आहेत आणि त्या दोहोंमधली जागा रिकामी असते, हे सरांनी तरुणपणी मांडलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. आता तिने बनवलेलं यंत्र उपग्रहावर बसून नेमकं त्याच जागेत कण मोजत होतं. थोडेथोडके नाही, ढिगाने.

सर हात धुऊन तिच्या मागे लागले. यंत्र उन्हाने तापत असेल, म्हणाले. तिने तसंच दुसरं यंत्र भट्टीत तापवलं, मग बर्फाहून थंड केलं. आकडे हलले नाहीत. जड कण हलके समजून मोजले जात असतील, म्हणाले. तिने तेही तपासलं. मग यंत्रातल्या तारा, मग आकडेमोड. एक शंका फिटली की दुसरी तयार. शाबासकी सोडाच, तोंडातून साधं ‘बरं’ही निघेना. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मागून जमदग्नी म्हणत. ती मनातल्या मनात त्याहून वाईट बरंच काही म्हणायची आणि घरी येऊन दारं आपटायची.

“दारांनी तुझं काय घोडं मारलंय?” नवरा म्हणायचा. “बोलायचं ते त्यांना जाऊन बोल.”

अशात उपग्रहाचं काम पाहणाऱ्या समितीची बैठक लागली. उपग्रहावर वीज कमी पडत होती. कॅमेरा चालवायचा तर एक यंत्र बंद करावं लागणार होतं. एकदा बंद केलं की कायमचंच.

“हिच्या यंत्रावर हिच्या सरांचाच विश्वास नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग तेच बंद करू या. काय सर?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज सगळं तोंडावर सुनवायचं, म्हणून ती उठली. पण सर तिच्या आधी उभे राहिले होते.

“त्या यंत्राला हात लावाल तर खबरदार!” ते कडाडले. “चूक जिथे जिथे असू शकते, तिथे तिथे मी ती शोधलीय. नाही सापडली. कण तिथे आहेत. चुकलोय मी.”

यंत्र चालू ठेवायचं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात तिने त्यांना गाठलं. जिंकूनही तिचा राग उतरला नव्हता. उलट तो कुठे काढायचा तेच कळत नव्हतं.

“हे मला आधी नाही सांगता आलं? इतके महिने नुसतं छळलंत!” तिचा आवाज चिरकला. मग ती जरा नरमली. “माझं काम पक्कं व्हावं, उद्या कुणी बोट ठेवू नये, म्हणूनच ना सर?”

सर जिन्याकडे निघाले होते. ते थांबले.

“नाही,” ते म्हणाले. “तू चुकावीस, अशी माझी मनापासून इच्छा होती.”