तासभर गप्प
काकू तासभर गप्प बसू शकल्या नाहीत, तर काकांची भांडी घासण्यातून महिनाभर सुटका होणार होती. पैजच तशी होती. स्तनाचा कर्करोग परतलाय का, ते पेट स्कॅन सांगणार होतं. इंजेक्शन टोचून परिचारिका म्हणाली, “आता तासभर बोलायचं नाही. जो स्नायू राबेल, तो चित्रात उजळेल.” बाहेर आल्यावर काकूंनी शपथेवर सांगितलं, “चकार शब्द काढला नाही!” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चित्र समोर धरलं. “छाती स्वच्छ, कुठेच काही नाही. गळा मात्र लखलखतोय. काकू, कोणाशी बोलत होतात?” “शेजारच्या खुर्चीतली पोरगी रडत होती हो. हसवायला नको?” “हरलीस!” काका डोळे पुसत ओरडले. हरल्या काकू, पण महिनाभर भांडी घासली काकांनीच. काकू ओट्याला टेकून अखंड बोलत होत्या, आणि काका एकेक पातेलं दोनदोनदा घासत होते.