एकतिसाव्या वाक्याचा रोख

"क्लामरोट महाशय, एकतिसाव्या वाक्यापाशी तुम्ही पुन्हा अडलात," परीक्षक डॉक्टर सीबेकेबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

योस्ट क्लामरोटने समासातला आपला आकडा पाहिला. वय एकसष्ट, पुस्तकांचं दुकान बुडालेलं, पेन्शनला अजून पाच वर्षं. बर्लिनच्या या संस्थेत राजकीय पक्षांचे जाहीरनामे वाचायचं काम होतं. एकेक वाक्य सुटं करायचं, ते कशाबद्दल आहे त्याचा ठरलेला आकडा समासात मांडायचा. अशा हजारो आकड्यांवरून पक्ष कुठे उभा आहे ते ठरे. पण आधी परीक्षा. केव्हाच विरून गेलेल्या एका पक्षाचा मजकूर द्यायचे आणि उमेदवाराचे आकडे बाईंच्या आकड्यांशी पडताळायचे. पहिल्या खेपेला योस्ट नापास झाला होता. ही दुसरी; तिसरी खेप कुणालाच मिळत नसे.

"वाचा बरं मोठ्याने."

"'कारखाना बंद करा, म्हणजे नदी पुन्हा स्वच्छ होईल.'"

"यात न कळण्यासारखं काय आहे? पाचशे एक, पर्यावरण. आणि तुम्ही मांडलंत सातशे एक. कामगार!"

"नदीचं नुसतं निमित्त आहे हो. रोख मालकावर आहे. पगार कापले होते त्याने."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकून आहे."

"बरं, मालक हा शब्द दाखवा मला."

योस्टने कागद जवळ घेतला, मग लांब धरला. "शब्द नाही. पण ज्याने लिहिलंय त्याच्या डोक्यात..."

"लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरायचं नाही. तिथे फार पसारा असतो. कागदावर आहे तेवढंच मोजायचं. मतदारानेही तेवढंच वाचलं ना?"

योस्टचे कान तापले.

"कामगारांचा पक्ष होता तो," तो पुटपुटला.

"मोजणी तसं म्हणत नाही. शंभरातली त्रेसष्ट वाक्यं झाडं, हवा आणि पाणी. कामगारांनी का म्हणून मत द्यावं? त्यांचाच कारखाना बंद करायला निघालेले हे शहाणे!" बाई मनापासून हसल्या.

योस्टने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा, अगदी सावकाश, परक्या माणसाचं पत्र वाचावं तसं.

"एवढं एक बदललंत तर पास," बाई म्हणाल्या. "नाहीतर नाइलाज आहे माझा."

त्याने खोडरबर घेतलं. सातशे एक पुसायला जरा वेळच लागला. मग त्याने पाचशे एक लिहिलं.

"अभिनंदन! सोमवारी नऊला या."

खाली ट्रामच्या थांब्यावर त्याने बायकोला फोन लावला.

"मिळालं काम, ट्राउटे."

"काय सांगतोस! थांब, प्लमचा केकच टाकते. पण आवाज का असा मेल्यासारखा? मजकूर अवघड होता का? कुणाचा होता?"

ट्राम आली. दारं उघडली, मिटली, ट्राम निघून गेली. योस्ट तिथेच उभा.

"मी लिहिलेला," तो म्हणाला. "जेमतेम पास झालो."